ऐनाची भट्टी

फाल्गुनात ऐनाच्या झाडावर पान राहत नाही.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून मरते. मेलेल्या कारवीचा कूड चांगला होतो.

रोशनबीच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती.

लाकडाचा कोळसा होतो तेव्हा गाठी, भेगा, वळणं सगळं जिथल्या तिथं राहतं. जातं ते वजन.

राधानगरीला महाराजांच्या धरणावर सुरुंग दुपारी उडत.

*

सुरुंगाची भोकं पाडायला पहारी लागत, पहारींना धार द्यायला लोहार लागत आणि लोहारांना कोळसा. म्हणून गौस आणि त्याची बायको रोशनबी दाजीपूरच्या रानात भट्ट्या लावत होती. ही हंगामातली सहावी. ऐनाचे ओंडके घेराघेरानं उभे रचायचे, वर पाचोळा, त्यावर माती लिंपायची आणि आत आग कोंडायची. लाकूड भडकू द्यायचं नाही, नुसतं शिजवायचं. आत पोकळ झालं की वरची माती खचते. तिथं लगेच माती भरली नाही तर हवा शिरते आणि सगळ्याची राख होते. म्हणून भट्टीच्या माथ्यावर चालून पायानं अंदाज घ्यावा लागे. ते काम रोशनबीचं. ती अंगानं हलकी. गौस चढला असता तर आतच गेला असता.

भट्टी पेटवली त्याच संध्याकाळी रोशनबीला ताप भरला.

पांढरा धूर.

म्हणजे लाकडातलं पाणी निघतंय. सकाळी गौस गुडघे धरत, काठी टेकत भट्टीशी गेला. खचलेल्या दोन जागा कुणीतरी भरल्या होत्या, वरून तळहातानं थापल्या होत्या. ओल्या मातीत पावलं उमटली होती. डाव्या पावलाला चार बोटं.

तो झोपडीत आला. "तापात कशाला उठलीस गं?"

"मला कूस वळवंना, आन् मी उठू कशी?"

त्यानं तिचे पाय पाहिले. कोरडे होते. नखांतसुद्धा माती नव्हती.

गौसनं पुढं विचारलं नाही. पाच भट्ट्यांचा शीण हाडांत मुरला होता. काम झालं होतं, तेवढं त्याला पुरलं. तो कुडाला पाठ लावून बसला आणि बसल्या बसल्या झोपला.

पिवळा धूर.

तिसऱ्या दिवशी केरबा वर आला. खालच्या वाडीतला हा शेतकरी आपल्या बैलांवरून कोळसा उतरवून द्यायचा. त्यानं बायकोनं दिलेला काढा आणला होता.

"गौसभाई, वैनीला खाली न्हे की. धरणावर डाक्टर हाय."

"भट्टी अर्धी हाय रं. निळा धूर आला म्हंजी कोळसा शिजला, मग न्हेतो."

"भट्टी काय तुझी सासू हाय व्हय, रुसायला?" केरबा हसला. मग त्याची नजर माथ्याकडं गेली. "वर कोण चालतंय?"

गौसनं काठीनं भट्टीच्या कडेची माती दाबली.

"चढल्याली पावलं दिसत्यात. उतरल्याली कुठं हायत?"

हे गौसच्या ध्यानातच आलं नव्हतं. केरबानं पाणी घेतलं नाही. "उद्या दुपारच्याला येतो," म्हणाला, आणि मागं न बघता उतरणीला लागला.

गौसनं पावलांत बोट घालून पाहिलं. काल नखभर रुतली होती. आज दोन पेरं.

तिन्हीसांजेला त्यानं काढा पाजायला रोशनबीच्या पाठीखाली हात घातला. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसा हात एकदम वर गेला. तिचे गाल तेच होते, दंड तेच होते. गौसनं तीस वर्षं हातावर कोळसा जोखला होता. त्यानं हात चटकन काढून घेतला.

चौथ्या सकाळी पावलं घोट्याइतकी खोल होती. भट्टीच्या मधोमध जाऊन संपत होती.

दुपारपर्यंत गौस भट्टीभोवती फिरत राहिला. मग त्यानं कुदळ घेतली. राख होऊ दे. भट्टी गेली तर जाऊ दे, बाई राहू दे.

त्यानं कुदळ उगारली.

"आता नगा फोडू," झोपडीतून रोशनबी म्हणाली. "निळा आला."

झोपडीचं दार पलीकडच्या अंगाला होतं. तिथून भट्टी दिसत नव्हती.

त्यानं वर पाहिलं.

निळा धूर.

खाली दुपारचा सुरुंग उडाला. डोंगर हादरला. धुराची रेघ हलली नाही.

त्यानं कुदळ टाकली, आत गेला, रोशनबीला पाठुंगळी घेतलं आणि इतक्या झटक्यात उभा राहिला की तोल जाता जाता वाचला. गुडघे दुखले नाहीत.

दारातून निघताना तिचं कोपर चौकटीला लागलं.

खण्ण.

पक्का शिजलेला कोळसा असाच वाजतो.

उतरणीवर केरबा बैल घेऊन येत होता. बैल थांबले. केरबानं शेपट्या पिरगाळल्या, शिव्या घातल्या. ते पाऊल उचलेनात.

"जड व्हतंय का वो?" रोशनबीनं त्याच्या कानाशी विचारलं.

"न्हाय," गौस म्हणाला.

*

या सहाव्या भट्टीला माती लिंपायच्या आधी रोशनबीनं सांगितलं होतं की मधल्या घेरात एक ओंडका कमी पडतोय. पोटात जागा मोकळी ठेवून भट्टी कुणी लिंपत नाही; ठेवली तर ती आपणच भरून घेते. गौस दमला होता. तो म्हणाला होता, "असू दे. भागंल."