हिरव्या पाकिटाची मुदत

भिजलेलं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की सूयान आधी लादीकडे बघायची आणि मग माणसाकडे. त्या दिवशी क्रम चुकला.

ग्वांगहुआ बाजाराच्या पाचव्या मजल्यावर तिच्या मामाचं दुकान होतं. फोन, हेडफोन, घड्याळं, कॅमेरे... लोकांनी हौसेने घेतलेलं आणि हौस फिटल्यावर आणून टाकलेलं सगळं तिथल्या काचेच्या कपाटात येऊन बसायचं. बाहेर तैपेईच्या हिवाळ्याची रिपरिप चालू होती. समोरच्या मुलाच्या केसांतून पाणी निथळत होतं, शर्ट अंगाला चिकटला होता आणि रेनकोट मात्र त्याने काखेतल्या खोक्याला गुंडाळला होता.

"रेनकोट माणसांसाठी असतो," सूयान म्हणाली.

"मी वाळेन," तो म्हणाला. "हा वाळणार नाही."

खोक्यात घडी घालता येणारा नवाकोरा फोन होता. विकायचा होता तो जुना, आणि तो शर्टाच्या खिशात चिंब भिजला होता.

"काय बिघडलंय याचं?"

"काहीच नाही. उत्तम चालतो. पण... हे ऐका ना." त्याने नवा फोन तिच्या कानाशी धरून अलगद मिटला. टक्. त्याने डोळेही मिटले. "ऐकलंत? बिजागरी कशी बोलते बघा."

सूयानने बिजागरी ऐकली नाही. तिने त्याच्या पापण्यांवरचा पावसाचा थेंब बघितला.

"एक काम कराल?" तो म्हणाला. "वरची फिल्म तेवढी काढून द्या. माझे हात ओले आहेत."

तिने फिल्मचं टोक नखाने उचललं. तो श्वास रोखून बघत राहिला. त्या बघण्याने तिचा हात जरासा हलला आणि कोपऱ्यात नखाचा बारीक ओरखडा उठला. तिचा चेहरा पडला.

"असू दे," तो हसून म्हणाला. "आता माझा फोन लाखात ओळखता येईल."

त्याचं नाव वेनखाय. नदीपलीकडच्या एका कंपनीत तो सर्किटं तपासायचा, आणि पगार हातात पडला की या बाजारात हजर व्हायचा. दर खेपेला एक नवी वस्तू घेऊन यायचा आणि एक जुनी देऊन जायचा. नव्या कीबोर्डच्या कळा दाबून बघताना तो लहान मुलासारखा गालात हसायचा. नवे हेडफोन कानाला लावले की तोंड उघडं टाकून उभा राहायचा. आणि फिल्म काढायला प्रत्येक वस्तू सूयानच्या पुढे सरकवायचा.

"आज हात कोरडे आहेत की," ती म्हणायची.

"आहेत. पण आता तुझ्या हाताची सवय झालीय."

'अहो' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. मामाला बरोबर कळलं. "जावई होण्याआधीच कायमचं गिऱ्हाईक झालाय," भाताचा डबा उघडत तो म्हणाला.

सूयान लाजली खरी, पण रात्री कुलूप लावताना तिची नजर काचेच्या कपाटावर रेंगाळायची. वेनखायचं घड्याळ, त्याचे हेडफोन, त्याचा कॅमेरा. प्रत्येकाकडे त्याने असंच डोळे भरून बघितलं होतं... आणि महिन्याभरात प्रत्येकाला इथे आणून सोडलं होतं. त्याची आवड किती टिकते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

जूनमध्ये संगणकांचं मोठं प्रदर्शन भरलं. वेनखायने तिला बरोबर नेलं. तिने नवा आकाशी झगा घातला होता, आणि नंतर दोघं मिळून नूडल्स खायला जायचं ठरलं होतं. आत एक आरपार दिसणारा पडदा लावला होता, निव्वळ काच, आणि काचेतच रंग उमलत होते. वेनखाय त्याच्यासमोर थबकला.

"दोनच मिनिटं हं," तो म्हणाला.

सूयान दुधाच्या थंडगार चहाचे दोन पेले घेऊन आली आणि मुद्दाम पडद्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. काचेतून तिला त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तो काचेकडे बघत होता, काचेवरच्या रंगांकडे बघत होता, कडेला वाकून वाकून बघत होता. काचेपलीकडे ती होती, तिच्याकडे मात्र त्याची नजर पोचलीच नाही. पेल्यांतला बर्फ विरघळून गेला. तिने त्याचा पेला एका कठड्यावर ठेवला आणि ती निघून आली.

दुकानात मामा नव्हता. पोटात भूक होती, डोक्यात राग होता, आणि हिशेबाच्या संगणकावर कायमचं बसलेलं ते क्वायक्वायचं हिरवं पाकीट होतं, नारळाच्या चवीचे मक्याचे कुरकुरे. क्वायक्वाय म्हणजे 'शहाण्यासारखं वाग', म्हणून यंत्राने गुणी बाळासारखं वागावं यासाठी तैवानभर यंत्रांवर ठेवतात तसं ठेवलेलं. कामावर असलेलं पाकीट कुणी फोडत नाही, ही गोष्ट शाळकरी पोरालाही सांगावी लागत नाही. सूयानने ते फोडलं आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होईना.

मामाने रिकामी जागा पाहिली. त्याने परस्पर वेनखायला फोन लावला. वेनखाय धावत आला, यंत्राकडे नजर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, "पाकीट कुठंय?"

"खाल्लं," सूयान म्हणाली.

"कामावरचं?"

"हो."

"अगं... नूडल्स खायच्या होत्या ना आपण."

"तू आठवण ठेवली असतीस तर खाल्ल्या असत्या."

मान खाली घालून त्याने यंत्र उघडलं, धूळ झटकली, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली आणि परत बसवली. यंत्र घुं-घुं करत जागं झालं. मामाने हात जोडले, वेनखायला की देवाला ते समजलं नाही, आणि तो चहात शिजवलेली अंडी आणायला खाली गेला.

वेनखायने पिशवीतून नवं हिरवं पाकीट काढलं आणि रिवाजाप्रमाणे तारीख बाहेर करून यंत्रावर ठेवलं.

"काल सांगणार होतो. मला जपानला पाठवतायत. क्यूशूत नवा कारखाना उभा राहतोय, तिथे."

"सगळी नवी यंत्रं असतील."

"सगळी."

"मग मजा आहे तुझी." तिचा आवाज चिरकला. "वेनखाय, तुझ्या सगळ्या जुन्या आवडी इथे या कपाटात पडल्यात. माझी फळी कुठली, तेवढं सांगून जा."

"सगळ्या?" त्याने कपाटाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. मग पाकिटावर बोट ठेवलं. "ही तारीख बघ. मार्चअखेर. मुदत संपायच्या आत बदलावं लागतं. मी येऊन बदलीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

"आणि नाही आलास तर?"

"तर खाऊन टाक," तो म्हणाला, पण हसला नाही.

तो गेला आणि बाजार होता तसाच गजबजलेला राहिला. सूयानला मात्र तो ओस वाटायचा. लिहिण्यात वेनखाय अगदीच कच्चा होता. "आज बर्फ पडला." "इथला चहा कडू आहे." "आकाशी झगा अजून घालतेस का?" या शेवटच्या ओळीवर तिने आठवडा काढला.

ती पाकिटाभोवतीची धूळ पुसायची, पाकिटाला बोट लागू द्यायची नाही. कुणी भिजत आत आलं की लादीकडे बघायचं विसरायची. फेब्रुवारीत त्या घडीच्या फोनचा नवा अवतार आला आणि खाली रस्त्यापर्यंत रांग लागली. मग जुन्यांचा लोंढा दुकानात आला. जपानमधला जुना मालही आता इकडच्या बाजारात यायचा. सूयान प्रत्येक फोन हातात घ्यायची, मिटून टक् ऐकायची आणि कोपरा बघायची. नखाचा ओरखडा दिसला तर सगळं संपलं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ओरखडा दिसायचा नाही. ती पुढचा फोन उचलायची.

मार्चचा शेवटचा दिवस उजाडला, तोही रिपरिपता. मामा नवं पाकीट घेऊनच आला.

"सूयान, यंत्राचा जीव टांगणीला लावू नकोस गं. बदलू दे मला."

"संध्याकाळपर्यंत थांब, मामा."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी मी खाईन."

मामाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाकीट मुकाट्याने खणात टाकलं.

दिवे लागायच्या वेळेला कुणीतरी आत आलं. रेनकोट घातलेला, नीट बटणं लावलेला, आतून कोरडा ठणठणीत.

"माणसांसाठी असतो ना?" वेनखाय म्हणाला.

त्याने नवं हिरवं पाकीट बाहेर काढलं आणि तारीख ताडून बघायला खिशातला फोन उघडला. उघडला, बघितला, मिटला. टक् झालं नाही. ढिल्या बिजागरीचा नुसता थकलेला फट् असा आवाज आला.

"दाखव तो," तिने हात पुढे केला.

कडेचा रंग उडाला होता. पडद्याच्या कोपऱ्यात नखाचा बारीक ओरखडा होता.

"याचा नवा आलाय," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. दुकानात उभा राहून खूप वेळ बघितला. फार सुंदर आहे."

"मग?"

"त्याची फिल्म कोण काढणार?"

तिने फोन घट्ट धरून ठेवला. तो काउंटरवर वाकला, आणि आज त्याची नजर काचेवर नव्हती.

"सगळ्या नाहीत, असं त्या दिवशी म्हणायचं होतं. तुझ्या कपाटात हा फोन कधीच नव्हता. तू तेव्हा शोधलाही नाहीस. मला वाटलं, बोलून काय उपयोग, टिकवून दाखवायला हवं... सूयान, तू मला फार आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

"बरं झालं तेव्हा नाही शोधला," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "सापडला नसता, तर तुला जाऊच दिलं नसतं."

आतल्या खोलीत मामा उगाचच मोठ्याने खोकला.

वेनखायने जुनं पाकीट उतरवून नवं ठेवलं. कामावरून सुटलेलं पाकीट खायला कुणाचीच ना नसते. सूयानने ते फोडलं, पहिला कुरकुरा त्याच्या तोंडात घातला, आणि दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभी राहून खात राहिली. नवं पाकीट तारीख बाहेर करून समोरच बसलं होतं. तिने ती वाचली नाही.