पुसलेला हात

पोलादपूर ते महाड, गेल्या चाळीस वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक पोराचा पहिला फोटो मी काढलाय. बरं, निम्म्या पोरांचा. त्यातही निम्म्यांचे डोळे मिटलेले आलेत. पण तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर ऐका.

वरंधच्या वाडीतल्या शर्मिलाचा फोन आला. नवरा अक्षय मुंबईला, त्याला रजा मिळेना.

"चंदूकाका, दोघांचा एकत्र फोटो पायजे. सेजलच्या मांडीवर बाळ. पण..."

तो 'पण' मोठा होता. बाळ आठव्या महिन्यात झालेलं, नऊ दिवसांचं, मूठभर. मानेखालचा हात एक क्षणही काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि थोरली सेजल अडीच वर्षांची. परवाच तिने बाळाला बाहुलीसारखं एका हाताने उचललं होतं. तेव्हापासून शर्मिलाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"भिऊ नको गो," मी म्हटलं. "माझ्याकडे युक्ती हाय."

युक्ती जुनीच. मोठ्या भावंडामागे चादर टांगायची, चादरीआड घरातलं एक माणूस बसवायचं. त्याने फटीतून हात घालून बाळाची मान धरायची. मी फोटो काढतो आणि दुकानात जाऊन कम्प्युटरवर तो हात पुसतो. बघणाऱ्याला वाटतं, एवढंसं पोर काय झ्याक बाळ सांभाळतंय!

दुपारी तीनला पोचलो. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपाची धुरी कोंडलेली. कौलातल्या काचेतून उन्हाचा एकच पट्टा बाजेवर पडलेला, बाकी सगळा धूरकट काळोख. शर्मिलाची सासू सोनाबाई शेगडी घेऊन उभी होती.

"सोनाबाय, जा चादरीमागं," बाजेमागे चादर टांगत मी म्हटलं. "तुझं तोंड लपलं की फोटो चांगला येतो."

"मेल्या, आधी तुझं लपव," ती म्हणाली आणि धुरात दिसेनाशी झाली.

सेजल बाजेवर मांडी घालून बसली. शर्मिला माझ्या शेजारी, दोन्ही हातांनी खुळखुळा वाजवत खाली पाटावर. तिथून तिला बाळाची नुसती टोपी दिसत होती. मी बाळ उचलून सेजलच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "हात घाल गो."

चादरीच्या फटीतून हात आला. बाळाच्या मानेखाली अलगद गेला.

"जरा खाली..."

हात खाली सरकला. हिरव्या बांगड्या हलल्या. वाजल्या मात्र नाहीत. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी सेजलला माकडाचं तोंड करून दाखवण्यात गुंग. सेजल माझ्याकडे बघेचना. ती त्या हाताकडे बघून हसत होती, एकेका बांगडीवर बोट ठेवत होती.

सात-आठ फोटो झाले. मी बाळ उचलून शर्मिलाकडे दिलं, आणि दारातून सोनाबाई आत आली. शेगडीत लाल निखारे.

"चुलीतला विस्तव घेत होते. आता सांग, कुठं बसू?"

मी हसलो. म्हटलं, म्हातारीने माझ्यावर डाव उलटवला. चादर उचलली. मागे भाताची कणगी आणि भिंत. दार नाही, खिडकी नाही. सोनाबाईच्या मनगटाकडे बघितलं. नवरा गेल्यापासून तिचे हात मोकळेच.

कॅमेऱ्यातला फोटो दोघींना दाखवला. शर्मिलाचा चेहरा पांढरा पडला. सोनाबाई मात्र भडकली.

"चंद्या, गोमाजीच्या लग्नाच्या फोटोत नवरीला मिशा कुणी काढल्या? तूच ना? बाळंतिणीच्या खोलीत तरी चेष्टा नको करू!"

"आईशपथ, सोनाबाय, मी नाय..."

"तुझी आई पण तुझ्यावर विश्वास ठेवायची नाय."

जन्मभर थापा मारल्या, आणि ज्या दिवशी खरं बोललो त्या दिवशी ऐकणारं कुणी नाही. हात इथल्या इथे कॅमेऱ्यात कसा घालायचा, हे मला ठाऊक असतं तर मी वाडीभर मिरवलं नसतं?

घाट उतरेपर्यंत डोकं गरगरत होतं. शेजारीण येऊन बसली असेल का? मग गेली कुठून? धुरामुळे मला भास झाला म्हणावं, तर कॅमेऱ्याला कसला भास? शेवटी रात्री दुकानात बसलो आणि नेहमी करतो तेच केलं. हात पुसला. बोट न् बोट, बांगडी न् बांगडी. फोटो झकास दिसायला लागला. शर्मिलाला पाठवला, अक्षयलाही. म्हटलं, मिटलं प्रकरण.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शर्मिलाचा फोन. मागे बाळाचं बारीक रडणं.

"काका, फोटोतला तो हात...?"

"पुसला गो. किती सफाईने, बघितलंस ना?"



"बाळ रात्रीपासून मान टाकतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मी धरली तरी कलंडते, आईंनी धरली तरी कलंडते. गाडी बोलावलीय, महाडला नेतो आता. आणि सेजल... त्या चादरीमागं जाऊन रडत बसलीय. ती बांगड्यांवाली कुठं गेली, कुठं गेली, म्हणून इचारतेय."

मी सवयीने म्हटलं, "अगो, नऊ-दहा दिवसांचं कुठलंच पोर मान धरत नाय. मी काय, नुसता फोटोतला हात पुसला..."

"फोटोतलाच पुसलात ना?" शर्मिला म्हणाली. "मग इतके दिवस बाळाला जिनं धरलं होतं, ती काल रात्रीपासून कुठं हाय, ते सांगा ना काका."