उत्तरेची भिंत

"आई, कसला किल्ला! आपल्या साताऱ्यात याला गोठा म्हणतील."

हिमाचलातल्या परवाणूच्या वरच्या डोंगरावर, पडक्या दरवाजात उभा राहून तो फोनवर बोलत होता — नेमका माझ्या फोटोच्या मधोमध! आर्किटेक्चरच्या प्रोजेक्टसाठी किल्ला मोजायला मी चंदीगडहून घामाघूम होऊन आले होते. सोबतची मैत्रीण ऐनवेळी आजारी. आणि वर हा.

"गोठा नाही, नेपाळी गुरख्यांच्या फौजेचं ठाणं आहे," मी फटकारलं. "दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी हत्तींवरून तोफा आणल्या, तेव्हा कुठे पडलं. आता जरा बाजूला व्हा!"

तो दचकला... मग हसला. "अरे वा, मराठी! मी शिशिर. चंदीगडजवळ डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात असतो. काही मदत करू?"

"मी कश्मिरा. हे धरा," म्हणत मी आकडा वाचायला टेपची डबी त्याच्या हातात दिली. तिथेच चुकलं!

टेप धरून हा तटावरून खाली नदी शोधायचा. डबी सुटायची. मी ओरडायचे. आकडा विचारला की सज्जनगड सुरू.

"आमच्याकडे बुरूज म्हणजे—"

"आकडा!"

"रागावलीस की नाक लाल होतं तुझं."

'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, कळलंच नाही.

होस्टेलवर नकाशा काढला, तर उत्तरेची भिंत कोपऱ्याला मिळेचना. पुढच्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा चढलो. त्यानं थर्मासमधून चहा आणला, तोही गार. भिंत पुन्हा जुळेना. सरांनी नकाशा परत केला. "किल्ला हवेत तरंगतोय का?"

तिसऱ्या खेपेला तो पाणी आणायला गेला, तेवढ्यात मी टेपच्या टोकावर दगड ठेवून एकटीनंच भिंत मोजली. त्यानं सांगितलेल्या आकड्याहून चांगला हातभर फरक!

तो परतला. माझा चेहरा पाहून थबकला.

"शिशिर... तू खोटा आकडा सांगत होतास?"

त्याचे कान तांबडे झाले. "पहिल्यांदा खरंच चुकला गं. नंतर... भिंत जुळली असती, तर तू आली असतीस?"

"गाढवा! सरांची बोलणी खाल्ली मी!"

"आज खरं सांगणारच होतो. पण मग तू परत येणार नाहीस, म्हणून—" त्यानं पाण्याची बाटली खाली ठेवली. "मला आवडतेस तू."

"मग सरळ सांगायचं ना! चंदीगडात कॉफी मिळत नाही का? प्रत्येक वेळी डोंगर कशाला चढवलास?"

"म्हणजे... हो?"

"हो रे बाबा, हो!"

उतारावर खडी घसरत होती, म्हणून मी त्याचा हात धरला. खाली सपाट रस्ता लागला तरी सोडला नाही. रागातच होते मी.