मागं बांधलेली शेळी

लाईट गेले की नाना गोष्ट सांगतात, आणि ती कायम त्यांच्या ओळखीच्या माणसाची असते. मला बघून ते म्हणाले, "खोटी वाटली तर उठून जा." मी बसून राहिले.

यादव नानांसोबत सिन्नरच्या एका कारखान्यात फिटर होता. अठ्ठ्याण्णव सालची मार्गशीर्ष अमावास्या. बहिणीच्या, आशाच्या लग्नपत्रिका नाशिकहून आणायला तो स्कूटरवर गेला होता. बाप गेलेला, म्हणजे लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून घाई.

बाप गेला कसा, तेही यादवनंच नानांना सांगितलेलं. आबांना झटका येऊन गेला होता. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्यात, त्यातून हार्ट ब्लॉक झालाय, ठोके मध्येच गळतात. पेसमेकर बसवा, थांबू नका. यादवनं थांबवलं. छातीत मशीन असलेला बाप सोयऱ्यांना कळला तर पोरगी कोण नेणार? आधी सुपारी फुटू दे, मग बघू.

"आशाला विचारलं होतं कुणी?" मी म्हणाले.

नाना तसेच पुढं सांगू लागले.

सुपारीच्या संध्याकाळी आबांना भोवळ आली. यादवनं त्यांना मागच्या खोलीत निजवलं आणि बाहेरून कडी घातली. ओट्यावर पाहुणे बसलेले. आतून दारावर ठक. बऱ्याच वेळानं पुन्हा ठक. व्याह्यानं मान वळवली. आशा चुलीपाशी होती, तिला काही ऐकू गेलं नाही. यादव व्याह्याच्या कानाशी वाकून हसत म्हणाला, "शेळी बांधेल हे मागं."

चहा संपायच्या आत ठकठक थांबली.

यादवला हायसं वाटलं होतं.

तर, त्या अमावास्येला पत्रिकांचा गठ्ठा पायांशी ठेवून यादव परतत होता. मोहदरीचा घाट चढताना मागची सीट दबली. त्याला वाटलं, चढ आहे. मग पाठीला छाती टेकली. हाडकुळी. गार. तिच्यात एक ठोका पडला.

मग काही नाही...

पुन्हा एक.

यादवनं वळून पाहिलं नाही. त्याला ती छाती माहीत होती. लहानपणी जत्रेतून येताना तिच्यावरच तो झोपायचा.

"आबा?"

...

"आबा, दवाखान्यात नेतो. आत्ता नेतो."

त्यानं स्कूटर वळवली. उतारावर ब्रेक लावला नाही. ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं. ठोका. शिंदे गाव गेलं. ठोका. नाशिकरोडचे दिवे दिसले. तो मागं न बघता बोलत होता. पोचलो, आबा. हे काय, पोचलोच.

दवाखान्याच्या फाटकाशी पाठ मोकळी झाली.

वॉचमन म्हणाला, "पेशंट कुठंय?"

यादव तिथंच पायरीवर बसून राहिला, उजाडेपर्यंत.

सकाळी तो घरी आला. आबा गेल्यापासून मागची खोली कुणी उघडली नव्हती. आता तिचं दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यात आशा उभी होती. म्हणाली, रात्रभर आत कुणीतरी ओढाताण करत होतं, पहाटे मीच कडी काढली.

आत जमिनीत एक खुंटी ठोकलेली होती. तिला नवं कोरं दावं. दाव्याचा फास सैल, रिकामा पडलेला.

त्या घरात जनावर कधीच नव्हतं. कोंबडीसुद्धा नाही.

आशानं दावं उचलून यादवपुढं धरलं. "भाऊ," ती म्हणाली, "हितं काय बांधेल होतं?"