विनता दीदीनं सांगितलंय

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या, विनतामावशीच्या बाबतीत घडलं. जबलपुरात, पासष्टच्या लढाईच्या दिवसांत. तेव्हा ती मुलींच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्याच होस्टेलमध्ये राहायची.

विचारलं तर आजही सांगते. फक्त सांगताना दाराकडे पाठ करून बसत नाही.

होस्टेलची एक पद्धत होती. नवी मुलगी आली की तिला वरच्या वर्गातली एक दीदी नेमून द्यायचे. काय कुठे, केव्हा, कसं... ते सगळं त्या दीदीनं समजावायचं. विनताच्या वाट्याला आली कुंदा. पनागरच्या पोस्टमास्तरांची एकुलती एक. दोन घट्ट वेण्या, आणि जन्मात पहिल्यांदा घराबाहेर.

कुंदाच्या शंका संपायच्याच नाहीत.

“दीदी, आंघोळीचं पाणी केव्हा येते?”

“दीदी, साडी कुठं वाळू घालायची?”

“दीदी, बाबा भेटायला आले तर वर येऊ देतात का?”

सुरुवातीला विनताला गंमत वाटायची. “पहाटेच नंबर लाव, मागून गरम पाणी नाही भेटत. मेसमध्ये आधी डाळ घे, शेवटी नुसतं पाणी उरते. बाबा आले तर खालीच बसतील, वर नाही.” कुंदा मान डोलवायची आणि तेच सगळीकडे सांगत फिरायची. “विनता दीदीनं सांगितलंय!”

हळूहळू विनता कंटाळली.

लढाई सुरू झाली. शहरात तोफांचे, दारूगोळ्याचे कारखाने. त्यामुळे आज ना उद्या बाँब पडणार, असं जो तो म्हणायचा. खिडक्यांना काळे कागद लागले. भोंगा वाजला की दिवे बंद, आणि सगळ्यांनी खाली, अंगणातल्या खंदकात.

त्याच सुमारास मागच्या जिन्याचं काम निघालं. खालच्या पायऱ्या फोडून काढल्या होत्या. वॉर्डन अनसूयाबाईंनी विनताला सकाळीच बजावलं, “मागचा जिना बंद आहे. तुझ्या मजल्यावर प्रत्येकीला सांग. प्रत्येकीला हं.”

विनतानं न्याहारीला सगळ्यांना सांगितलं. कुंदा तिथे नव्हती. तिची एकादशी होती.

तिला मग सांगू, असं विनतानं मनाशी म्हटलं.

दुपारी ती केस वाळवत मैत्रिणींशी गप्पा मारत बसली होती. दारात कुंदा आली. “दीदी, भोंगा वाजला तर कोणत्या जिन्यानं उतरायचं?”

विनतानं मानही वर केली नाही. “मागच्या. जवळ पडते. आणि सारखं सारखं काहून विचारते गं? डोकं खाऊन राहिली नुसतं!”

मैत्रिणी हसल्या.

कुंदा निघून गेली.

सकाळचं बोलणं विनताच्या डोक्यातून साफ उतरलं होतं.

दिवेलागणीला भोंगा वाजला...

“चलो, चलो, नीचे!” मुली पुढच्या जिन्यानं धावल्या. खंदकात एकमेकींना खेटून बसल्या. विनतानं अंधारात हाक मारली, “कुंदा?”

उत्तर नाही.

तेव्हा तिला आठवलं. ती ताडकन उठली. कोणीतरी तिला ओढून खाली बसवलं.

आणि ती बसली.

धोका टळल्याचा भोंगा झाला, कंदील आले. कुंदा मागच्या जिन्याखाली सापडली. श्वास थांबला होता. एकाच पायात चप्पल होती.

“हिला सांगितलं होतंस ना?” अनसूयाबाईंनी विचारलं.

“सगळ्यांना सांगितलं होतं, बाई.”

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर पुंडलिकराव आले. विनतासमोर त्यांनी हात जोडले. “घरी आली की तुमचंच नाव असायचं तिच्या तोंडी. अन् नेमकं तुमचंच ऐकलं नाही पोरीनं. माफ करा तिला.”

विनतानंही नुसते हात जोडले.

लढाई थांबली. काळे कागद निघाले. मागच्या जिन्याच्या दाराला फळ्या ठोकल्या. काम मात्र तसंच पडून राहिलं. त्या बाजूला यायला मजूर तयार होईनात.

दिवाळीनंतर छिंदवाड्याहून एक मुलगी आली, सुनेत्रा नावाची. तिची दीदी म्हणून पुन्हा विनतालाच नेमलं. विनता तिच्या खोलीत गेली. “चल, तुला सगळं दाखवते.”

“नको दीदी, मला कळलं सगळं.” सुनेत्रा ट्रंकेतून कपडे काढत होती. “पहाटेच नंबर लावायचा. मेसमध्ये आधी डाळ घ्यायची, शेवटी नुसतं पाणी उरते. बाबा आले तर खालीच बसतील.”

तिचेच शब्द होते. जसेच्या तसे.

“कोणी सांगितलं तुला?”

“व्हरांड्यात होती एक. दोन वेण्यावाली. चांगली आहे बिचारी, पण...”

“पण काय?”

“एकाच पायात चप्पल होती.”

विनता बाहेर धावली. भर दुपार होती. दोरीवर साड्या वाळत होत्या. कोणी नव्हतं.

पण साड्यांच्या पलीकडून कोणीतरी चालत गेलं...

एक पाऊल चपलेचं. एक अनवाणी.

विनतानं हे कोणालाच सांगितलं नाही. हे सांगायचं तर ते आधीचंही सांगावं लागलं असतं.

मग एका संध्याकाळी, जेवणाच्या घंटेआधी, होस्टेलचे दिवे गेले. मुली हसत, ओरडत पुढच्या जिन्याकडे निघाल्या. त्यांच्यात सुनेत्रा नव्हती.

विनता मागच्या बाजूला पळाली.

दाराच्या फळ्या निघाल्या होत्या. भिंतीला नीट टेकवून ठेवल्या होत्या...

आणि सुनेत्रा जिना उतरत होती. सावकाश. कोणाच्या तरी मागोमाग जावं तशी.

विनतानं तिचा दंड धरून तिला मागे खेचलं. दोघी आपटल्या.

“सोडा ना, दीदी! ती पुढं चालली आहे. म्हणे, इकडून जवळ पडते. म्हणे, विनता दीदीनं सांगितलंय...”

खाली पावलं वाजत होती. चपलेचं... अनवाणी... चपलेचं...

थांबली.

विनताला रडूच फुटलं. “कुंदा! उतरू नको गं! पायऱ्या नाहीत तिथं! मला माहीत होतं... तुला सांगायचं राहिलं. मी विसरली!”



मग खालून, अगदी नेहमीसारखं, शंका विचारावी तसं...

“मग बाबांना काहून नाही सांगितलं, दीदी?”

सुनेत्रानंही ते ऐकलं. तिनं लगेच होस्टेल सोडलं.

सकाळी विनतानं अनसूयाबाईंना सगळं खरं सांगितलं आणि ती एकटीच बसनं पनागरला गेली. पोस्टाच्या मागेच घर होतं. पुंडलिकराव पडवीत बसले होते. शेजारी कुंदाची आई मटार सोलत होती. विनतानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. केस वाळवत दिलेलं उत्तर सांगितलं. मैत्रिणींचं हसणं सांगितलं. बाईंशी बोललेलं खोटंही सांगितलं.

आईचे हात थांबले.

पुंडलिकराव जमिनीकडे बघत राहिले. “त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” मावशी म्हणते.

मग त्यांनी मान वळवली. घरात, मधल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली...

“ऐकलं का गं?”

घरात ती दोघंच राहायची. आई तर समोरच बसली होती.

आतून आवाज आला...

“हो, बाबा.”

पुंडलिकराव दचकले नाहीत. आईनं डोळे पुसले आणि पुन्हा मटार सोलायला घेतले.

विनता उलट्या पावलांनी अंगणाबाहेर आली.

त्यानंतर होस्टेलमध्ये कुंदा कोणालाच दिसली नाही. मागचा जिनाही पुढे बांधून झाला.

मी मावशीला एकदाच विचारलं, “तिनं तुला माफ केलं असेल ना गं?”

मावशीनं दाराकडे पाहिलं.

“तेच विचारायचं होतं मला,” ती म्हणाली. “पण त्या खोलीत डोकावून पाहायची हिंमत झाली नाही.”