हाडांतला शेंदूर

मंगळाभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकावर अभियंता जयवंती गुरव हिच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा डॉक्टर केंकऱ्यांनी आधी स्थानकालाच आरोपी केलं. पाण्याच्या नळ्या तपासल्या, तारांचे जोड खरवडले, जेवणाची पाकिटं फोडली. बाकीच्यांचं रक्त स्वच्छ होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. शिसं जयवंतीच्याच हाडांत होतं.

लहानपणी शिशाशी संबंध आला होता का, असं त्यांनी विचारलं. निवडीच्या वेळी दिलेलंच उत्तर तिनं दिलं, नाही. खोदून खोदून विचारल्यावर शनिवारची गोष्ट निघाली. तिचे वडील गावच्या मारुतीचे पुजारी. मुलीनं मारुतीला शिवायचं नाही, पण तेलात शेंदूर कालवायचं काम तिचं. हात नुसते पुसून ती जेवायला बसायची.

"शेंदूर म्हणजे शिसंच की हो," केंकरे म्हणाले.

"आमच्याकडे त्याला शेंदूरच म्हणतात, डॉक्टर. देवाच्या अंगावर विष असेल असं कोणाच्या मनात येणार?"

केंकऱ्यांनी समजावलं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. मूर्तीवर शेंदराचे थर बसावेत तसं ते वर्षानुवर्षं गप्प बसून राहतं. इथं वजन नाही, म्हणून हाडं झिजतात आणि ते थर सुटून रक्तात उतरतात. त्यात विश्वकिरण पेशींमधले जनुकांचे धागे रोज तोडतात, आणि शिसं ते सांधू देत नाही. त्यातूनच कर्करोग उभा राहू शकतो. औषध रक्त धुतं, हाडं पुन्हा शिसं ओततात. परतीचं यान दोन वर्षांनी सुटणार होतं.

उपाय एकच होता, चक्रकक्ष. गरगर फिरून माणसाला वजन देणारी ती खोली एकाच माणसापुरती होती. बहुतेक सगळा दिवस तिथंच काढायचा, आळीपाळीनं वापरून भागणार नाही. दोन वर्षं त्या डब्यात पडून राहायच्या कल्पनेनंच जयवंतीचा जीव घुसमटला.

"हाडं आणखी कधी झिजतात?" तिनं विचारलं.

"म्हातारपणी. आणि गरोदरपणात. बाळाला आईच्या हाडांतूनही कॅल्शियम जातं."

जयवंतीची मुलगी केतकी मागून निघालेल्या यानातून इकडेच येत होती. आईनंच हट्टानं तिला या वाटेला लावलं होतं, आणि निघालेलं यान मधूनच वळत नाही. शिशाच्या प्रश्नाला केतकीनंही नाहीच म्हटलं होतं. तिचं तर खरंच होतं, तिनं शेंदराला कधी बोटही लावलं नव्हतं. केंकऱ्यांनी तिच्या यानावर रक्त तपासायला सांगितलं. तिथंही शिसं चढत होतं.

ती पोचेपर्यंत तुम्ही कक्ष वापरा, पुढचं पुढं बघू, असं केंकरे म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. जयवंती आत शिरली, पट्टे बांधून घेतले आणि पाय ताणून पाहिले.

"पाय टेकायची फळी चार बोटं खाली घ्या, डॉक्टर."

"तुम्हाला ती बरोबर बसतेय."

"मला बसते," जयवंती म्हणाली. "केतकी माझ्याहून उंच आहे."