उथळ बाजूला

“एक पेन मिळेल? लगेच परत देतो.”

शाळेच्या ऑफिसबाहेर रांगेत उभी होते. वळून पाहिलं तर आधी शर्टाचं बटणच दिसलं; चेहरा बराच वर होता. दुसऱ्या तुकडीतला लंबू. सगळी शाळा त्याला याच नावाने हाक मारायची.

सुट्टीत काय करणार, याचा फॉर्म भरायचा होता. माझं ठरलेलं होतं. मावशी दुसऱ्या शहरात जनावरांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात राहून काम शिकायचं, म्हणून दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. यंदा कुठे ती ‘ये’ म्हणाली होती.

लंबूने लिहिलं – तरणतलाव, लहान मुलांना शिकवणे.

“तुला येतं पोहता?” त्याने विचारलं.

“मला बुडता येतं.”

तो हसला… आणि माझे कान उगाच गरम झाले. तेवढ्यात खळी आली. पोहण्यातली शाळेची चॅम्पियन, दोन्ही गालांवर खळ्या, म्हणून हे नाव. सरळ त्याच्या खांद्यावर कोपर टेकवून म्हणाली, “माझाही भर ना रे! सकाळी आपण दोघं तलावावरच.”

आपण दोघं!

मी पेन परत घेतलं, माझ्या फॉर्मवरचं ‘दवाखाना’ खोडलं आणि ‘तरणतलाव’ लिहिलं. का, ते विचारू नका.

घरी आईने कपाळावर हात मारला. मावशी फोनवर शांतपणे म्हणाली, “शनिवारपर्यंत वाट बघते. नाहीतर दुसरी मुलगी घेते.”

पहिल्या दिवशी मला सात वर्षांच्या पोरांत, उथळ बाजूला उभं केलं. पाणी त्यांच्या छातीपर्यंत, माझ्या कमरेपर्यंत. एक दात पडलेली चिमुरडी मला धीर देत होती, “ताई, घाबरू नकोस हं.”

लंबूने माझ्या पाठीखाली हात धरला. “मान सैल सोड… माझ्याकडे बघ.”

“बघतेय.”

“पाण्यात असताना लाजायचं नसतं. वजन वाढतं.”

“काहीही!” मी म्हटलं आणि नाकातोंडात पाणी घेतलं.

दिवस गोड होते – आठ वाजेपर्यंत. आठला तो स्टॉपवॉच घेऊन खोल बाजूला जायचा, खळीची वेळ मोजायला. ती माशासारखी सुळकन जायची. बाहेर आली की तो वाकून तिच्या गॉगलचा पट्टा सोडवायचा. मी काठाला धरून पाय आपटत राहायचे. इतक्या जोरात, की पोरं लांब सरकायची.

शुक्रवारी राहवलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत खळीला गाठलं. “तुला… तो आवडतो?”

“आवडतो की!” ती केस पुसत म्हणाली. मग तिने वेळा नोंदवायची वही माझ्यापुढे आपटली. “पण हे बघ. शंभर मीटर, दोन मिनिटं! मी गोगलगाय आहे? मी पोहोचले तरी घड्याळ थांबवत नाही. सारखा तुझ्या त्या उथळ बाजूकडे बघत असतो. महिन्यावर निवड आहे माझी. तुम्ही काय ते मिटवा बाई एकदाचं.”

मला पहिल्यांदाच तिचं वाईट वाटलं.

बाहेर लंबू फरशीवर पाणी ओतत होता. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले.

“मी इथे पोहायला आलेच नव्हते. खळीवर जळून आले.”

“म्हणजे… माझ्यासाठी?” बादली त्याच्या हातातून निसटली. त्याचा चेहरा इतका उजळला, की पुढचं बोलणं कठीण झालं.

“हो. पण उद्या मी मावशीकडे जातेय, तिच्या जनावरांच्या दवाखान्यात. मला तेच करायचं होतं… आधीपासून.”

त्याने बादली उचलली. मग हळूच, “सुट्टी संपेपर्यंत? सहा आठवडे?”

“सहा आठवडे. आणि तू इथे, तिच्याबरोबर. अजूनही जळतेय मी, सांगून ठेवते.”

“जळ. मीही जळेन.”

“कुणावर?”

“तिथल्या प्रत्येक कुत्र्यावर.”

शनिवारी बसस्टँडवर तो आला – आणि खळीही, ओल्या केसांनी. दोघं शेजारी उभी. जोडी छान दिसत होती, मेली! मी बसच्या खिडकीतून बघत होते. एक क्षण वाटलं, बॅग घेऊन उतरावं. मी सीटचा दांडा घट्ट धरून बसले. बस हलली.

आणि लंबू धावायला लागला. खिडकीशी आला, धापा टाकत, सगळ्या बसला ऐकू जाईल असा ओरडला, “आवडतेस! फक्त तू!”

शेजारच्या काकूंनी मला कोपराने ढोसलं. “उत्तर दे की गं, वळण आलं!”

मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि दिलं… त्याच्याहून मोठ्याने.